पाव किलो दाण्यांच्या वाट्या किती?

स्वयंपाकात जिन्नस मोजण्याच्या दोन रीती आहेत. एकीला तराजू लागतो आणि जिनसाचे वजन कळते. दुसरीला वाटी लागते आणि जिनसाने किती जागा अडवली, म्हणजे त्याचे आकारमान किती, ते कळते. एका रीतीतून दुसरीत जाणे हे पाचवीच्या गणिताचे काम असावे असा सर्वसाधारण समज आहे, आणि जिन्नस पाणी असेल तोवर तो समज खराही ठरतो, कारण एक लिटर पाणी एक किलो भरते आणि कोणत्याही वाटीत ओतले तरी तिच्या तळाकाठाला मुकाट्याने जाऊन बसते. दाण्यांना ही शिस्त नाही. शेंगदाणे, बदाम, काजू, अक्रोड ही मंडळी वाटीत शिरताना लग्नाच्या पंगतीत शिरल्यासारखी शिरतात: काही ऐसपैस बसतात, काही आडवी होतात, आणि दोघांच्या मधली जागा कोणासाठी राखून ठेवली आहे ते कोणालाच सांगता येत नाही. ती जागा हवेची असते. त्यामुळे ‘पाव किलो दाण्यांच्या वाट्या किती’ या प्रश्नाला वाटीगणिक, दाण्यागणिक आणि मुख्यतः घराण्यागणिक वेगळे उत्तर मिळते.

या प्रश्नाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने पुण्यात राहू नये. तेथे एकच पद्धत चालते आणि ती बरोबर असते. त्याने जबलपूर गाठावे. नर्मदेकाठच्या या शहरात मराठी माणूस तीन हप्त्यांत आला. पहिला हप्ता अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी अंमलाबरोबर आला, आणि १८१७ साली इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांकडून शहर घेतल्यावर अंमल गेला तरी माणसे राहिली. दुसरा हप्ता १८६१ साली मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाल्यावर कचेऱ्या, न्यायालये आणि शाळा यांच्या मागोमाग आला. तिसरा विसाव्या शतकात कारखान्यांच्या भोंग्याला ओ देत आला. १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आणि १९६९ ची व्हेईकल फॅक्टरी ही त्याची ठिकाणे. दरम्यान १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिले, पण त्या फाळणीत कोशिंबिरीतल्या दाण्याच्या कुटाला कोणी हात लावला नाही. परिणामी येथील मराठी घरात दाणे हिंदीत विकत घेतले जातात, मराठीत कुटले जातात आणि अलीकडे, लेक परदेशी गेली असल्यास, इंग्रजीत समजावून सांगावे लागतात. दुकानदार ‘फल्लीदाना’ म्हणतो आणि पाव किंवा आधा पाव विचारतो, गृहिणीच्या डोक्यात दोन वाट्या असतात, आणि फोनवरची लेक ‘म्हणजे किती कप?’ असे विचारून दोन्ही पक्षांना एकदमच निरुत्तर करते.

हा गोंधळ नवा नाही. शेर हे नाव एक आणि वजने अनेक, अशी पूर्वीची स्थिती होती. मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि त्यात ४० शेर, म्हणजे एक शेर आजच्या हिशेबाने सुमारे ३१८ ग्रॅमचा; बंगालचा मण सुमारे ८२ पौंडांचा आणि त्यातही ४०च शेर, म्हणजे एक शेर ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅमचा. १८७० साली मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे यांचे रूळ जबलपुरास जोडले गेले. रूळ जुळले, शेर जुळायचे राहिले. मुंबईच्या हिशेबाने लिहिलेल्या कृतीतले शेरभर दाणे बंगाली शेराने घेणाऱ्या गृहिणीचे लाडू जवळजवळ तिप्पट झाले असते, आणि अशा मुलखात ‘शेरास सव्वाशेर’ ही म्हण म्हणजे फारच मवाळ भाषा म्हणावी लागेल. त्यात आणखी एक पेच असा की शेर हे मराठीत नुसते वजन नव्हते, ते धान्य मोजायचे मापही होते: दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. वजन आणि आकारमान या दोन भिन्न राशींना एकाच नावाने हाक मारून भाषेने रूपांतराचा प्रश्न मुळातच उद्भवू दिला नव्हता, आणि ही युक्ती पुढच्या कोणत्याही तक्त्याला साधलेली नाही.

वजनमापांचा १९५६ चा कायदा आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आलेला किलोग्रॅम यांनी शेराला निरोप दिला. पाव मात्र जागचा हलला नाही. शेराचा पाव, म्हणजे चौथा हिस्सा, सुमारे २३३ ग्रॅमचा होता, तो किलोचा पाव होताच २५० ग्रॅमचा झाला, आणि शब्द न बदलता पदार्थ वाढण्याचे हे भारतीय व्यापाराच्या इतिहासातील विरळ उदाहरण आहे. एरवी शब्द तोच राहून पदार्थ कमी होतो.

आता वाटीकडे वळले पाहिजे, कारण खरी मातब्बरी तिचीच आहे. अमेरिकेचा कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० चा, जपानचा कप २०० चा असे निदान ठरलेले तरी आहे. मराठी घरात आमटीची वाटी, कोशिंबिरीची वाटी, तुपाची वाटी आणि नैवेद्याची वाटी अशा चार पिढ्या एकाच फळीवर नांदतात, आणि त्यांपैकी कोणालाही ‘एक वाटी’ म्हणता येते. सोयीसाठी आमटीची वाटी दीडशे मिलिलिटरची धरावी. पण घरोघरी मापासाठी वापरली जाणारी वाटी यांपैकी नसतेच; ती बहुधा तांदळाच्या किंवा दाण्याच्या डब्यात कायमची मुक्कामाला असलेली, कोणत्या तरी विस्मृतीत गेलेल्या लग्नात आहेर म्हणून आलेली, काठावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख टोचलेली स्टीलची वाटी असते. अमेरिकेत कपाचा आकार कायद्याने ठरला, मराठी मुलखात वाटीचा आकार आहेर देणाऱ्याच्या ऐपतीने ठरला.

१९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा यांना छापील प्रतिष्ठा दिली, आणि नव्याने संसार मांडणाऱ्या मुलींना तराजूच्या धाकातून सोडवले. शास्त्रीय दृष्ट्या ही पद्धत टीकाकार समजतात तितकी ढिली नाही. सर्व जिन्नस एकाच वाटीने मोजले तर वाटी लहान की मोठी याला महत्त्व उरत नाही, कारण कृतीत प्रमाण सांभाळायचे असते आणि प्रमाण म्हणजे दोन राशींचे गुणोत्तर. मोठ्या वाटीने लाडू जास्त होतील, वेगळे होणार नाहीत. संकट येते ते सरहद्दीवर. दाणे दोन वाट्या आणि गूळ पाव किलो अशी मिश्र भाषा कृतीत शिरली की दाणे एका राज्याचे आणि गूळ दुसऱ्या राज्याचा होतो, आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतून जबलपूरच्या राइट टाउनमध्ये नांदायला आलेल्या सुनेचे लाडू फुटू लागतात. तिने कृती वहीत उतरवून आणलेली असते. वाटी आणलेली नसते. त्यावर सासरची मंडळी नवखेपणाला दोष देतात, सून जबलपूरच्या पाण्याला दोष देते, आणि खरा गुन्हेगार पुण्यात तांदळाच्या डब्यात निवांत पडलेला असतो.

प्रश्नाचा दुसरा भाग जिनसाचा. इंग्रजीत ज्यांना सरसकट ‘नट’ म्हणतात त्यांच्यासाठी मराठी स्वयंपाकघरात एकच शब्द नाही. सुका मेवा म्हणावे तर त्यात मनुका, खारीक आणि अंजीर घुसतात. दाणे म्हणावे तर मराठी माणूस दुसरे विशेषण न लागता शेंगदाणेच समजतो. वनस्पतिशास्त्रात कवचफळ ही संज्ञा आहे. कठीण सालीचे, बहुधा एकबीजी, पिकल्यावर आपोआप न उकलणारे कोरडे फळ असा तिचा अर्थ, आणि ही व्याख्या काटेकोरपणे लावली तर डब्यातील बहुतेक मंडळींना बाहेर जावे लागते. बदाम हा पीचच्या भावकीतील फळाच्या आठळीतला गर, काजू ही बोंडाबाहेर लटकणारी बी, आणि शेंगदाणा तर तुरीचा आणि मटाराचा सख्खा चुलतभाऊ. जबलपूर जिल्हा मटारासाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा शेंगदाण्याला तेथे परका म्हणण्याचे कारण नाही. सिहोऱ्याच्या बाजारात ढिगांनी येणारा शिंगाडा कवचफळाचा आव आणतो, पण तो पाण्यात वाढतो आणि उपासाला पीठ होऊन येतो. राहता राहिली चारोळी. ती येथे चिरोंजी या नावाने ओळखली जाते, महाकोशलाच्या जंगलातील चार नावाच्या झाडाच्या फळातून निघते, आणि सागरला तिची बर्फी करतात. मध्य भारतातील आदिवासी बाजारांत एकेकाळी चिरोंजीच्या बदल्यात मीठ दिले जाई, आणि वजनाचे आकारमानात रूपांतर करताना झालेली सर्वांत मोठी लबाडी म्हणून त्या व्यवहाराकडे बोट दाखवता येईल. आज तिचा भाव असा आहे की श्रीखंडावर ती ना वजनाने घातली जाते ना मापाने; ती मोजून घातली जाते.

आता आकडे. अमेरिकी कृषिखात्याच्या तक्त्यानुसार एका कपात अख्खे बदाम १४३ ग्रॅम मावतात, काप केलेले ९२ ग्रॅम आणि दळलेले ९५ ग्रॅम. तेच आमटीच्या वाटीत उतरवले तर अख्खे बदाम सुमारे ९० ग्रॅम आणि त्यांची पूड जेमतेम ६० ग्रॅम भरते. अक्रोडाचे वागणे आणखी नमुनेदार आहे: त्याच कपात अर्धे गर १०० ग्रॅम, तुकडे केले की ११७ ग्रॅम आणि पूड केली की ८०. अक्रोडाचा अर्धा गर हा मुळातच सुरकुत्यांचा आणि पोकळ्यांचा बनलेला असल्याने त्याचे तुकडे केले की ते एकमेकांच्या खाचांत बसतात आणि वाटी जड होते. पण पूड केली की प्रत्येक कणाभोवती हवेची स्वतंत्र गादी तयार होते आणि वाटी पुन्हा हलकी होते. पदार्थाचे खुद्द वजन भागिले त्याने हवेसकट अडवलेली जागा, या राशीला स्थूल घनता म्हणतात. दाण्याची खरी घनता सुरी चालवून बदलत नाही. स्थूल घनता मात्र सुरी, खलबत्ता आणि हाताचा जोर या तिघांच्या मर्जीवर असते.

या विषयावर मोठमोठ्या माणसांनी डोके शिणवले आहे. जहाजाच्या डेकवर तोफगोळे कसे रचले म्हणजे कमीत कमी जागेत जास्तीत जास्त मावतील, हा प्रश्न सर वॉल्टर रॅले याने थॉमस हॅरियटला घातला, हॅरियटच्या पत्रांतून तो योहानेस केप्लरपर्यंत पोहोचला, आणि केप्लरने १६११ साली अंदाज मांडला की गोळे कसेही रचले तरी सुमारे ७४ टक्क्यांहून अधिक जागा भरता येणार नाही. थॉमस हेल्स या गणितज्ञाने त्याची सिद्धता १९९८ साली दिली, म्हणजे पावणेचारशेहून अधिक वर्षे हा हिशेब उधारीवर होता. न रचता नुसते ओतून हलवलेले गोळे जेमतेम ६४ टक्के जागा भरतात. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००४ साली चपट्या चॉकलेटगोळ्या भांड्यात ओतून पाहिल्या, तेव्हा त्या ६८ टक्क्यांच्या आसपास दाट बसल्या. चारोळी चपटी असते, तेव्हा तिच्या बाबतीतही वाटी थोडी अधिक जड भरत असणार. तोफांचे गाडे आणि दारूगोळा तयार करणाऱ्या शहरात या प्रश्नाची मांडणी खलाशांच्या तोफगोळ्यांवरून सुरू झाली हे कळल्यास दाणे मोजणाऱ्यांना आपण घरच्याच परंपरेत आहोत असे वाटावे.

याच शास्त्राची दुसरी शाखा दिवाळीच्या भेटखोक्यात आढळते. निरनिराळ्या आकाराचे दाणे एकत्र करून हलवले की मोठे वर येतात आणि बारीक खाली जातात, कारण हलताना मोठ्या दाण्याखाली जी फट पडते तिच्यात बारीक दाणा घुसतो आणि मोठ्याला परतीची वाट बंद होते. पदार्थविज्ञानात १९८७ सालच्या एका शोधनिबंधाच्या शीर्षकामुळे ही घटना ब्राझील देशाच्या एका टपोऱ्या दाण्याच्या नावे प्रसिद्ध झाली. मिश्र मेव्याच्या पुड्यात वर काजू आणि तळाशी मनुका असण्यामागे दुकानदाराचा हात असतो असा जो सार्वत्रिक संशय आहे तो निदान काही अंशी अन्यायाचा आहे. उरलेल्या अंशाबद्दल विज्ञान मौन बाळगते. अशा पुड्यातून ‘एक वाटी मिश्र मेवा’ घेणाऱ्याला पहिल्या वाटीत काजू आणि शेवटच्या वाटीत भुगा मिळतो, आणि कृती मात्र दोन्हींना वाटीच म्हणते.

वाटी कुठवर भरायची हा स्वतंत्र वाद आहे. अमेरिकेत १८९६ साली फॅनी फार्मर यांनी आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात माप काठापर्यंत भरून वरून सुरीने सपाट करावे असा आग्रह धरला, आणि तेव्हापासून तिकडच्या कृती सपाट झाल्या. मराठीत काठाच्या वर राहणाऱ्या उंचवट्याला शीग म्हणतात, आणि शीग सुरीने कापणे हे शास्त्र नसून कद्रूपणा मानला जातो. कौटिल्याने या शिगेचीही नोंद ठेवली आहे: अर्थशास्त्रात कोरड्या धान्याच्या मापावरची शिखा एकूण धान्याच्या चौथ्या हिश्श्याइतकी असावी असे सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर द्रोण हे आकारमानाचे माप त्याने उडदाच्या वजनावरून बांधले आणि त्याचे चार प्रकार केले. राजाच्या उत्पन्नाचा द्रोण २०० पलांचा, व्यापाराचा साडेसत्त्याऐंशीवर शंभर, म्हणजे १८७॥ पलांचा, नोकरांना वाटायचा १७५ चा आणि अंतःपुरात द्यायचा १६२॥ चा. पल हे वजन आहे. माप एकाच नावाचे, पण घेताना मोठे आणि देताना लहान; राज्य कसे चालते हे समजायला याहून नेमका उतारा सापडणे कठीण. मराठी शेजारधर्म या बाबतीत कौटिल्याच्या नेमका उलट चालतो. शेजारून उसने आणलेले कूट सपाट वाटीचे असले तरी परत करताना वाटीला शीग असावी लागते, नाहीतर त्या शेजारणीची पुढची दहा वर्षे ही बाब लक्षात राहते. जबलपूरच्या जुन्या वाड्यांतून हे उसनवारीचे कूट वर्षानुवर्षे फिरत असल्यास, प्रत्येक फेरीला शिगेएवढे वाढत जाऊन, ते अर्थव्यवस्थेला धोकादायक पातळीला पोहोचायला हवे होते. प्रत्यक्षात तसे झालेले नाही, याचे कारण पुढे येईल.

कारखान्यांतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी या अनागोंदीत शिस्त आणण्याचा प्रयत्न वेळोवेळी केला आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी ज्यांनी हयात घालवली त्यांना पत्नीचे ‘अंदाजाने घालायचे’ हे उत्तर सहन होत नाही, आणि ते इलेक्ट्रॉनिक काटा घरी आणतात. या काट्यावर रिकामे भांडे ठेवून एक कळ दाबली की भांड्याचे वजन वजा होते. मराठी व्यापारी याला धडा करणे म्हणत आणि त्यासाठी दुसऱ्या पारड्यात खडा ठेवीत. काटा आल्यावर पहिल्या आठवड्यात घरातील सर्व वाट्यांचे आकारमान पाणी भरून काढले जाते, तक्ता तयार होतो आणि फ्रिजच्या दारावर चिकटवला जातो. दुसऱ्या आठवड्यात काट्याचा उपयोग दुकानदाराने दांडी मारली की नाही हे तपासण्यासाठी होतो. तिसऱ्या आठवड्यापासून त्याच्यावर विणलेला रुमाल पडतो, आणि गृहिणीची मूठ, जी या काळात एकदाही थांबलेली नसते, पूर्ववत अधिकारावर येते. आपला हात जगन्नाथ ही म्हण याच प्रसंगासाठी घडली नसेल, पण तिला याहून योग्य प्रसंग मिळालेला नाही.

सगळ्या तक्त्यांची खरी परीक्षा दाण्याच्या कुटाशी होते, कारण मराठी स्वयंपाकात दाणा क्वचितच दाणा म्हणून पातेल्यात जातो. तो अख्खा विकत घेतला जातो वजनाने, आणि वापरला जातो पूड होऊन मापाने. मधल्या वाटेवर त्याचे चार संस्कार होतात. तो भाजला जातो, तेव्हा त्यातील ओलावा जातो. तो चोळला जातो, तेव्हा साले सुटतात. तो सुपात पाखडला जातो, तेव्हा साले अंगणात आणि काही दाणे चिमण्यांना जातात. मग तो कुटला जातो: खलबत्त्यात कुटला तर जाडसर आणि मोकळा, मिक्सरमध्ये फिरवला तर बारीक, आणि एक वेढा जास्त फिरवला तर तेल सुटून त्याचा गोळा बसतो आणि वाटीतली हवा सगळी निघून जाते. साबुदाण्याच्या खिचडीचे कूट आणि लाडवाचे कूट एकाच दाण्याचे असले तरी एका वाटीत त्यांचे वजन सारखे भरत नाही. कच्च्या शंभर ग्रॅम दाण्यांचे भाजून-पाखडून नव्वदीच्या घरात उरतात, आणि तरीही कुटल्यावर ते मूळच्या वाटीपेक्षा जास्त जागा मागतात. वजन घटत असताना आकारमान वाढणाऱ्या वस्तू निसर्गात फार नाहीत. त्यात हवा भरलेली असते, असे शास्त्र सांगते. बरकत असते, असे घरातील वडीलधारे सांगतात.

हिशेबाने पाव किलो कच्च्या दाण्यांच्या आमटीच्या वाट्या पावणेतीन होतात आणि कूट साधारण तीन वाट्या पडते. हा आकडा कोणत्याही स्वयंपाकघरात आजवर आलेला नाही, कारण तक्त्यात एक रकाना कमी आहे. भाजलेले दाणे ताटात निवायला पसरले की त्यांचा वास घरभर जातो, आणि त्या वाटेने जाणारा प्रत्येक जण, शाळेतून आलेला नातू, पेपर शोधणारे आजोबा, फक्त निरोप सांगायला आलेली शेजारीण, ‘भाजले गेलेत का नीट?’ असे म्हणून चार दाणे तोंडात टाकतो. हे चार दाणे प्रत्यक्षात मूठभर असतात. आषाढी एकादशीला, म्हणजे घरातील निम्मे लोक उपाशी असताना, हे प्रमाण कमालीचे वाढते. शेजारच्या उसनवारीतली शीगही याच ताटातून नाहीशी होते, म्हणून ती कधी साठत नाही. जबलपूरच्या जाणत्या गृहिणींना तीन वाट्या कुटाला पाव किलो पुरतात हे पक्के ठाऊक असते, म्हणूनच त्या दुकानात गेल्यावर अर्धा किलो मागतात, आणि दुकानदारही, कोणताही तक्ता न वाचता, ‘उपास है क्या, भाभीजी?’ एवढे विचारून पारड्यात वजन टाकतो.